भिंतीपलीकडच्या पौर्णिमा

मी मुळातच भित्रा माणूस. साताऱ्याला आमच्या घरामागे विहीर होती, तिच्यात मी कधी वाकून पाहिलं नाही. विमानात बसलो की उतरेपर्यंत तळहात ओले. लग्न ठरलं तेव्हा हे सगळं बायकोला आधीच सांगून टाकलं होतं. ती तेव्हा मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. म्हणजे मला भ्यायला नको. एका घरात एक पुरे."

दोन हजार वीस साली आम्ही आयर्लंडमध्ये होतो, गॉलवेच्या बाहेर. बायको एका सरकारी हॉस्पिटलात, छातीच्या आजारांच्या वॉर्डात. ती रोज सकाळी गाडी घेऊन जायची आणि मी घरात बसून भ्यायचो. माझं काम हृदयात बसवायच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत, दर्जा तपासणीच्या कागदपत्रांचं. ते मार्चपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं होतं. शेजारी आमची सहा वर्षांची मुलगी चित्रं काढत बसायची. मी मराठीत विचारायचो, ती आयरिश हेलाच्या इंग्रजीत उत्तर द्यायची.

ऑगस्टमध्ये आम्ही समुद्राकडच्या रस्त्यावर एक जुनं दुमजली घर भाड्याने घेतलं. कारण एकच. वरच्या मजल्यावर वेगळी खोली आणि तिला लागून बाथरूम होती. ही खोली कशासाठी लागू शकते ते आम्ही दोघांनीही तोंडाने उच्चारलं नाही. मागे थोडं गवत, एक काटेरी झाड, आणि कंबरेएवढी दगडी भिंत. भिंतीपलीकडे एक म्हातारी बाई एकटी राहायची. उंच, काटकुळी, पांढरी वेणी, पायात गमबूट. दोन महिन्यांत आमचं बोलणं हात हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. ते दिवसच तसे होते, नवं माणूस दिसलं की आधी दोन पावलं मागे जायचं.

ऑक्टोबरचा शेवटचा दिवस शनिवारी आला होता. साताऱ्याला आदल्या दिवशीच कोजागिरी झाली होती, पण चंद्र इथेही पुराच होता, म्हणून मी संध्याकाळी दूध आटवायला ठेवलं. बायको ड्युटीवर. पोरीला त्या वर्षी घरोघर जाऊन चॉकलेट मागायची बंदी होती, ती फुरंगटून भोपळ्याचा पोशाख घालून मागच्या अंगणात गेली होती. मी जायफळ किसता किसता खिडकीतून चंद्र दिसतो का पाहत होतो. दिसला तो जाळ.

भिंतीपलीकडे शेकोटी पेटली होती. डोक्यावर टोपडं ओढलेली, घोट्यापर्यंत लांब झगा घातलेली एक आकृती तिच्याभोवती सावकाश फिरत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मागे समुद्रावरून चंद्र वर येत होता. आणि माझी मुलगी भिंतीवर पोटावर पडून, पाय हवेत सोडून, ते सगळं पाहत होती.

मी चप्पल न घालता धावलो.

आकृतीने टोपडं मागे केलं. शेजारीणबाई. "घाबरलास का रे?" तिने विचारलं. "तुझ्या लेकीला मी सांगत होते, आज वर्षाचा शेवट. आजच्या दिवशी इकडचं आणि तिकडचं यांच्यातलं दार उघडं असतं. गेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी मी पान वाढते." शेकोटीजवळ एका फळीवर खरोखरच पाव, सफरचंदं आणि एक पेला मांडलेला होता. मग ती जरा थांबून म्हणाली, "यंदा येणारे पुष्कळ आहेत. म्हणून दोन पाव जास्त भाजले."

बायकोच्या वॉर्डात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते मला माहीत होतं. मी पोरीला भिंतीवरून ओढून काखेत मारलं आणि एक शब्दही न बोलता घरात आलो, दार लावलं, वरची कडीही लावली. दूध उतू जाऊन शेगडीवर जळलं होतं. पोरगी रडत होती. "बाबा, ती त्यांना नुसतं हॅलो म्हणत होती!"

बायको घरी आली की आधी गॅरेजमध्ये कपडे काढून मशीनमध्ये टाकायची, आंघोळ करायची आणि मगच आमच्याजवळ यायची. त्या दिवशी तिला मी काही सांगितलं नाही. सकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं.

"सावन का काहीतरी म्हणतात त्या सणाला," मी म्हणालो.

"श्रावण? आत्ता कसला श्रावण?"

"आई, श्रावण नाही गं. मेलेल्या माणसांना जेवायला वाढतात. शेकोटी पेटवून. मला नाही आवडलं ते."

आई पलीकडे हसली. "आरं, मग सर्वपित्रीला आपण काय करतो? पान वाढतोच की. कावळ्याला घालतो, गाईला घालतो. ती म्हातारी आपलीच म्हणायची. आणि तू पोरीला ओढून नेलंस? जा, दूध दे तिला नेऊन. आणि माफी माग."

म्हणून दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा दूध आटवलं, स्टीलच्या पेल्यात घालून भिंतीवर ठेवलं आणि दोन मीटर मागे उभा राहिलो. शेजारीणबाई बाहेर आल्या. अंगात कालचाच झगा होता. अजून उजेड होता म्हणून कळलं, तो पावसाळी कोट होता, पाठीवर चमकती पट्टी असलेला. बाईंनी तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, तेव्हाचा. मला लाज वाटली.

"हळद का ही?" त्यांनी पेल्यात पाहून विचारलं.

"केशर. कालची आमचीही पौर्णिमा होती. खरं म्हणजे परवाची. तुमच्याशी एक शब्दही न बोलता निघून गेलो, चुकलं माझं."

"ग्रँड, ग्रँड," त्या म्हणाल्या, म्हणजे इकडचं 'ठीक आहे', आणि दूध संपवून पेला पालथा करून दाखवला.

मग त्यांनी सांगितलं. वर्षाचे आठ सण, ऋतूंचे, चर्चच्याही आधीपासूनचे. शिवाय प्रत्येक पौर्णिमा. नवरा गेल्यावर त्यांनी हे सुरू केलं होतं. "आठवडे मोजायला गेले की संपत नसत," त्या म्हणाल्या, "आणि वर्ष फार मोठं. चंद्र बेताचा वाटला. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत जगायचं, एवढंच." एरवी त्यांच्याबरोबर चार-पाच जण जमायचे. आता पाच किलोमीटरच्या बाहेर कुणाला येता-जाता येत नव्हतं, म्हणून एकट्याच करत होत्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात प्रेसच्या दारावर, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, वर्षाचं एक गोल चक्र चिकटवलेलं होतं. पोरीने बाईंना ते काढून भिंतीवर धरायला लावलं, जसंच्या तसं उतरवलं आणि आमच्या फ्रीजवर लावलं. पुढे आमच्या पौर्णिमांची नावंही तिने त्या चक्राच्या कडेने लिहिली. त्रिपुरीला आम्ही भिंतीवर मेणाचे दिवे मांडले, बाराव्या दिव्यापर्यंत वाऱ्याने सगळे विझवले. चंद्र उगवायच्या वेळी त्या थर्मास घेऊन त्यांच्या बाजूला उभ्या, आम्ही आमच्या बाजूला. दहांतल्या आठ वेळा ढगच. तरी उभं राहायचं.

एकवीस डिसेंबरला, सगळ्यांत छोट्या दिवशी, सूर्य उगवताना पाहायचा असतो म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं. इथे तेव्हा उजाडायला जवळजवळ नऊ वाजतात. आम्ही तिघंही गेलो, बायकोची सुटी होती. आठ वाजल्यापासून अंधारात, पावसात, भिंतीच्या दोन बाजूंना. नऊ झाले, सव्वानऊ झाले. आकाश काळ्याचं करडं झालं, त्यापलीकडे काही नाही.

"आला असेल का?" पोरीने विचारलं.

"आला असणार," शेजारीणबाई म्हणाल्या. "आपल्याला कळवलंच पाहिजे असं काही नाही त्याच्यावर."

बायको पोट धरून हसली. फार दिवसांनी हसली, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलंय. नाताळसाठी सरकारने निर्बंध सैल केले होते. ती घरात शिरताना मला हळूच म्हणाली, "जानेवारी वाईट जाणार आहे."

जानेवारी तसाच गेला. ती घरी यायची तेव्हा मास्कच्या कडा गालांवर उमटलेल्या असायच्या, झोपून उठली तरी जायच्या नाहीत. तिच्या लसीचा दिवस ठरला होता, पुढचा गुरुवार. त्याआधीच्या शुक्रवारी तिला कणकण आली. शनिवारी टेस्ट. रविवारी ती फोनवर एकच शब्द बोलली, "आहे." ती तेव्हा वरच्या खोलीतच होती. मी खाली स्वयंपाकघरात. आमच्या मध्ये तेरा पायऱ्या होत्या आणि आम्ही फोनवर बोलत होतो.

मी ताट सातव्या पायरीवर ठेवायचो आणि खाली यायचो. मग दार उघडल्याचा आवाज, मग ताट उचलल्याचा, मग खोकला. मी टेबलावर कागदपत्रं उघडून बसायचो आणि वरचे खोकले मोजायचो. पोरगी टीव्हीचा आवाज वाढवायची तेव्हा मी तिच्यावर खेकसायचो, कारण मोजणी चुकायची. बायको बोटाला लावायच्या यंत्राचे आकडे सकाळ-संध्याकाळ मेसेज करायची. पंच्याण्णव. पंच्याण्णव. चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णवला मी इंटरनेटवर वाचायला बसलो आणि तिने वरून फोन केला, "तू वाचत बसला असशील. बंद कर ते."

त्या गुरुवारी पौर्णिमा होती, माझ्या ध्यानातच नव्हती. भिंतीवर दगडाने ठकठक झाली. शेजारीणबाई. "आज आला नाहीत," त्या म्हणाल्या. मी लांबूनच सांगितलं. त्या चंद्राकडे पाठ करून घरात गेल्या. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर झाकणाच्या भांड्यात सूप यायला लागलं. आम्हाला घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. माझी आणि पोरीची टेस्ट नीट आली होती, पण घरात रुग्ण होता.

रविवारी, एकतीस जानेवारीला, सकाळी ब्याण्णव. दुपारी एक्क्याण्णव. चार वाजता तिचा फोन आला. ती वाक्य तोडून तोडून बोलत होती.

"नव्वद. ॲम्ब्युलन्स बोलव. घाबरू नकोस." मग श्वास घेऊन म्हणाली, "म्हणजे घाबर. पण आधी फोन कर."

पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली. मी पोरीला घेऊन स्वयंपाकघरात काचेच्या दारामागे उभा राहिलो. बायको स्वतःच्या पायांनी जिना उतरली, कठडा धरून. प्रत्येक पायरीवर थांबत होती. दारातून बाहेर पडताना तिने वळून आमच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. पोरीने हात हलवला. मला मात्र बायकोचे डोळे दिसले. दहा वर्षांत मी तिला रागावलेली, दमलेली, रडलेली पाहिली होती. भ्यालेली पाहिली नव्हती. मी काचेला हात टेकून उभा राहिलो, कारण पोरीसमोर खाली बसायचं नव्हतं.

ॲम्ब्युलन्स गेली. मला बरोबर जाता येणार नव्हतं. साडेपाच होऊन गेले होते, अंधार पडला होता. घरात काय करायचं ते मला सुचेना, दिवे लावायचेही सुचले नाहीत. पोरगी म्हणाली, "बाबा, भिंतीपाशी दिवा आहे."

शेजारीणबाई कंदील घेऊन उभ्या होत्या. कोटाची टोपी डोक्यावर, पायाशी हिरव्या लव्हाळ्यांची मोळी. त्यांनी ॲम्ब्युलन्स पाहिली होती. पण त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पोरीशी बोलल्या. "उद्या वसंताचा पहिला दिवस. आज संध्याकाळी लव्हाळ्यांचा क्रॉस विणायचा असतो, ब्रिजिडसाठी. ती आजारी माणसांकडे बघते. चर्चने तिला संत केलं, त्याच्या आधी ती देवी होती. पकड." त्यांनी मोळी आमच्या बाजूला फेकली आणि चार पावलं मागे जाऊन कंदिलाच्या उजेडात विणायला लागल्या. "एक उभी धर. दुसरी दुमडून तिच्यावर घाल. आता फिरव. घट्ट."

पोरगी गवतात बसून विणू लागली. मी बाजूला उभा होतो, हातात फोन. फोन वाजला तर भीती, आणि वाजला नाही तरी भीती. तासाभरात पोरीचा क्रॉस झाला, वाकडा, एक पाय आखूड.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "आणखी एक करायचं असतं. तिचं एखादं कापड रात्रभर बाहेर झाडावर ठेवायचं. ब्रिजिड जाताना हात लावून जाते म्हणतात. तुझा विश्वास नसेल तर राहू दे."

माझा विश्वास नव्हता. माझं कामच असं, की पुराव्याशिवाय एका ओळीवर सही करायची नाही. मी घरात गेलो, खुंटीवरून बायकोची निळी ओढणी काढली आणि आमच्या बाजूच्या काटेरी झाडाला बांधली. वारा होता म्हणून दोन गाठी मारल्या. दुसरी गाठ तीनदा सुटली.

"आता आत जा," बाई म्हणाल्या. "तिला खायला घाल. तूही खा. मी स्वयंपाकघरातला दिवा सुरू ठेवते. खिडकीतून दिसेल तुला."

त्यांचा दिवा रात्रभर सुरू होता. मला माहीत आहे, कारण मीही जागा होतो.

सकाळी सव्वासातला हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला. ऑक्सिजन जोरात द्यावा लागतोय, पण रात्री आणखी खाली गेलेली नाही. नर्सने "आणखी खाली गेलेली नाही" हे इतक्या मायेने सांगितलं की मी तिला चारदा थँक्यू म्हणालो. बाहेर ओढणी कडक झाली होती, हिव पडलं होतं. मी ती काढली नाही. ओढणीमुळे काही झालं असं मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. पण काढायची हिंमत मात्र झाली नाही.

अकराव्या दिवशी बायको घरी आली. आठ किलोंनी उतरलेली. टॅक्सीतून उतरून मागच्या अंगणात आली, कारण पुढच्या दाराला तीन पायऱ्या होत्या आणि मागे एकच. झाडाकडे बघून उभी राहिली.

"माझी ओढणी तिथं काय करतेय?"

मी सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "पाखरांनी घाण केलीय तिच्यावर. धुऊन घे," आणि आत गेली.

पुढचे सहा आठवडे ती घरातच होती. दम कमी झाला, जेवण वाढलं. पण हॉस्पिटलचा नंबर फोनवर दिसला की ती फोन उलटा करून ठेवायची. रजा दोनदा वाढवली. विचारलं तर म्हणायची, "पाय भरून येतात अजून." पाय ठीक होते, रोज ती पोरीबरोबर समुद्रापर्यंत चालत जायची. मला समजत होतं आणि मी विचारत नव्हतो. तिची भीती ऐकायचीच मला भीती होती. ऐकली की ती घरात येऊन बसणार, असं वाटायचं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी होळी पौर्णिमा. वसंतातला दिवस-रात्र सारखे असण्याचा सण आठवड्यापूर्वीच झाला होता. तेव्हा शेजारीणबाईंनी पोरीला रंगवलेली अंडी दिली होती. म्हणून पोरगी म्हणाली, आता आपली पाळी. आम्ही आमच्या बाजूला, भिंतीपासून थोडं दूर, होळी रचली. बाईंनी पलीकडून सुकी लाकडं, वाळलेली काटेरी झुडपं, नाताळात दारावर टांगलेलं जुनं वेलीचं कडं टाकलं. मी पुरणपोळ्या केल्या, निम्म्या फुटल्या. आठच्या सुमाराला, उजेड जाता जाता, होळी पेटवली आणि पोळीचा नैवेद्य आत टाकला.

"आता?" बाईंनी भिंतीवर कोपरं टेकून विचारलं. लसीचा पहिला डोस झाल्यापासून त्या जरा जवळ यायच्या.

"आता बोंब मारायची," मी म्हणालो, आणि पालथा हात तोंडावर मारून त्यांना दाखवलं. माझी बोंब अगदीच सभ्य निघाली. पोरीने मारली, तिला ते फारच आवडलं. बाईंनीही मारून बघितली.

मग बायकोने मारली. पहिली साधीच होती. दुसरी मोठी. तिसऱ्या वेळी तिचा हात तोंडावरून खाली आला आणि नुसता आवाजच राहिला. तो थांबेना. वाकून, मुठी आवळून, होळीकडे तोंड करून ती ओरडत होती. तिच्या फुफ्फुसांत एवढी हवा असेल असं मला वाटलं नव्हतं. पोरगी माझ्या पायाला चिकटली. मी पुढे होणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीणबाई तिच्या बरोबरीने ओरडायला लागल्या, तितक्याच मोठ्याने. दोघी ओरडत राहिल्या. रस्त्यावर एक गाडी थांबली. काच खाली करून कुणीतरी विचारलं, सगळं ठीक आहे ना? बाई श्वास घेऊन म्हणाल्या, "ग्रँड! वसंत आलाय!" आणि गाडी घाईने निघून गेली.

बायको गवतात बसली. मी शेजारी बसलो. होळीचा उजेड तिच्या तोंडावर होता.

"त्या रविवारी," ती म्हणाली, "वॉर्डात मला तपासायला माझाच सहकारी आला. रोज बरोबर चहा पिणारा. तो माझ्याशी एका आवाजात बोलला. हळू, गोड, प्रत्येक शब्द सुटा. अरे, तो आवाज मी वापरते. कुणाशी बोलताना वापरते ते मला माहीत आहे."

मी एक काटकी होळीत सरकवली.

"मला परत जायचं आहे," ती म्हणाली. "पण उद्या मी कुणाशी तरी त्या आवाजात बोलेन आणि त्या माणसाला काय वाटतं ते मला आता कळणार. त्याची भीती वाटते."

"मला सगळ्याचीच वाटते," मी म्हणालो. ती रडता रडता हसली. एप्रिलच्या मध्याला ती कामावर गेली.

मे महिन्यात आई आजारी पडली. तेव्हा भारतात काय चाललं होतं ते सांगायला नको. साताऱ्याला ताई होती, तिने धावाधाव करून बेड मिळवला. आयर्लंडमध्ये उन्हाळ्याचा पहिला सण होता. शेजारीणबाई दोन शेकोट्या पेटवून मधून चालत गेल्या. पूर्वी रोगराईपासून वाचावीत म्हणून गुरं अशी मधून नेत, असं त्यांनी पोरीला सांगितलं. पोरगी माझा हात ओढत होती, मी गेलो नाही. मी फोनवर होतो.

मी साताऱ्यालाही गेलो नाही. परत येताना हॉटेलात कोंडून ठेवत होते, विमानं मिळत नव्हती, बायको नुकतीच उभी राहिली होती, पोरगी लहान. ही सगळी कारणं खरी होती. बायको म्हणाली, "जायचं असेल तर जा, आम्ही करू." तरी मी तिकीट काढलं नाही. ज्या हवेत आई श्वास घेत होती तिथे जायची मला भीती वाटत होती. हे मी ताईला कधी सांगितलेलं नाही.

बुद्धपौर्णिमेला आई घरी आली. व्हिडिओवर तिचा चेहरा मुठीएवढा दिसत होता. "न्हाई आलास ते बरं केलंस," ती म्हणाली. ती मनापासून म्हणाली की मला वाचवायला, ते मला ठरवता आलं नाही. मी विचारलंही नाही. शेजारीणबाईंना आई घरी आल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर करून चंद्राला काहीतरी म्हटलं, आणि मग मला विचारलं, "आणि तू? तू कसा आहेस?" मी म्हणालो, ग्रँड. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सुगीचा सण. निर्बंध बरेच उठले होते. त्या दिवशी डोंगरावर चढून रानातली बारीक निळी फळं खुडायची असतात. आम्ही चौघं प्रथमच एका गाडीत बसलो, काचा उघड्या टाकून. डोंगर फार उंच नव्हता. वर कंबरेएवढं नेचं माजलं होतं. बायको आणि शेजारीणबाई फळं खुडत बोलत होत्या, मी डबा धरून उभा होतो. वळून पाहिलं तर पोरगी नव्हती.

हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. वाऱ्याने नेचं एका बाजूला झुकत होतं, सगळीकडे सारखंच दिसत होतं. एका बाजूला कडा होता हे मला येतानाच दिसलं होतं. डबा टाकून मी धावलो. बायको दुसऱ्या बाजूला धावली. बाई जागेवरच उभ्या राहून हाका मारत होत्या. मी कड्यापर्यंत गेलो, पोटावर पडून खाली पाहिलं. दगड, मेंढ्या, पाणी. परत फिरलो. अशी दहा मिनिटं गेली असतील.

"इकडे आहे!" बायकोचा आवाज आला.

पोरगी एका खडकाच्या आडोशाला मांडी घालून बसली होती. फ्रॉकच्या ओच्यात फळं, तोंड, हनुवटी, हात सगळं जांभळं. आम्ही ओरडत होतो ते तिला ऐकू आलं होतं. "तोंड भरलं होतं," ती म्हणाली. बायकोने तिला एक धपाटा घातला आणि लगेच छातीशी धरलं.

मी धापा टाकत खडकाला टेकलो. गुडघे खरचटले होते. आणि मला नवल वाटलं. ही भीती मला ओळखीची होती. लहानपणी साताऱ्याच्या बाजारात मी हरवलो होतो तेव्हा आईला वाटली असेल तशी, कुठल्याही बापाला वाटते तशी. दहा मिनिटांत सुरू झाली आणि संपली. जवळजवळ दीड वर्षात मला अशी साधी भीती वाटली नव्हती.

शेजारीणबाई हळूहळू चढत आमच्यापर्यंत आल्या, खडकावर टेकल्या आणि श्वास सावरत पोरीसमोर हात पुढे केला. "दाखव किती जमवलीस." पोरीने ओच्यातली फळं त्यांच्या ओंजळीत ओतली. त्यांनी एक बायकोला दिलं, एक मला. आंबट होतं. आम्ही तिथेच बसून उरलेली संपवली आणि मग डबा शोधायला निघालो.